प्रगतिपुस्तकात 'अ-२', पण ४६ वजा २९ येईना : वस्तीतल्या मुलांचे गणित कसे तपासावे

आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत दर रविवारी वंदना झाली की पहिली ते सातवीची मुले सतरंजीवर बसतात. शिकवायला आम्ही चौघे-पाच जण. कोणी बी.कॉम.ला, कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, एक ताई अंगणवाडीत. दोन वर्षे आम्ही ज्याची जी इयत्ता त्या इयत्तेचे पुस्तक उघडून शिकवत होतो. पाचवीच्या मुलांना पाचवीचे अपूर्णांक, चौथीच्या मुलांना चौथीचे भागाकार. वह्या भरत होत्या, आम्हीही समाधानी होतो.

एका रविवारी पाचवीतली एक मुलगी अपूर्णांकाच्या वजाबाकीत अडली म्हणून मी सहज पाटीवर ४६ वजा २९ असे उदाहरण घातले. तिने झटकन उत्तर लिहिले : २३. मला वाटले घाईत चुकली असेल. दुसरे दिले, ८१ वजा ३४. उत्तर ५३. तिची वही स्वच्छ, अक्षर सुरेख, प्रगतिपुस्तकात गणिताला 'अ-२'. मग शेजारच्या मुलांनाही तेच विचारले. कोणी २३, कोणी २७, एकाने तर ७५ लिहिले. दोन वर्षे आपण नेमके काय शिकवत होतो, या प्रश्नाने त्या दिवशी आम्हा सगळ्यांचीच मान खाली गेली. मुलांना वजाबाकी येत नाही, यापेक्षाही ती येत नाही हे आपल्याला माहीतच नव्हते, हे जास्त लागले.

हा लेख त्यानंतर आम्ही जे वाचले आणि करून पाहिले त्यावर आहे. ज्यांच्या वस्तीत, विहारात किंवा मंडळाच्या खोलीत अभ्यासिका चालते, किंवा चालू करायची आहे, त्या कार्यकर्त्यांसाठी.

शंभरातले अठरा

१२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या अवघे आठ दिवस आधी, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले. ते तेव्हा कायदेमंडळात नवे होते. त्या भाषणात त्यांनी एक हिशेब मांडला : प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल झाली तर चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात. त्यांचा मुद्दा असा होता की शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, नाहीतर खर्च केलेला पैसाही वाया आणि मूलही वाया.

आज चित्र उलटे दिसते. ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाची सुमारे ९८ टक्के मुले शाळेच्या पटावर आहेत. मुले चौथीपर्यंत पोचतात, आठवीपर्यंतही पोचतात. बाबासाहेबांनी मोजलेली गळती वर्गाबाहेर होत होती. आजची गळती वर्गात बसल्या जागी होते, आणि हजेरीपटावर ती दिसत नाही.

ती दिसावी म्हणून जे काही प्रयत्न झाले त्यांतला सगळ्यांत ठळक म्हणजे 'असर'. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून हे सर्वेक्षण करते. दर जिल्ह्यात तीस गावे, दर गावात वीस घरे. कार्यकर्ते शाळेत न जाता घरी जातात, मुलाजवळ ओट्यावर बसतात आणि एका कागदावरची चार-पाच साधी कामे करायला सांगतात. यात जात्याच हुशार कोण, मठ्ठ कोण, हे पाहायचेच नसते. अंक ओळखता येतात का, हातच्याची वजाबाकी येते का, तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता येते का, एवढेच पाहतात.

आकडे नजरेखालून घालावेत. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी येत होती. पाचवीतल्या ३०.७ टक्के मुलांना भागाकार येत होता. हाच पाचवीचा आकडा २०१८ मध्ये २७.८ होता आणि करोनानंतर, २०२२ मध्ये, २५.६ वर आला होता. म्हणजे सुधारणा आहे. पण आठवीपर्यंत गेलेल्या मुलांतही २०२४ मध्ये भागाकार येणारे ४५.८ टक्केच. आठवीनंतर आपली बरीच मुले आयटीआय, दहावी, पोलीसभरती, बँकेच्या परीक्षा असा विचार करू लागतात. भागाकार न येता टक्केवारी आणि सरळव्याज कसे येणार?

सरकारी 'परख' सर्वेक्षण डिसेंबर २०२४ मध्ये झाले. त्यात तिसरीतल्या ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता आल्या, आणि सहावीतल्या ५३ टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे येत होते. पद्धत वेगळी, इयत्ता वेगळ्या, पण सूर तोच.

'असर'बद्दल दोन गोष्टी आपण ध्यानात ठेवायला हव्यात. एक, तो ग्रामीण भागाचाच आहे. मुंबई, पुणे, नागपूरच्या वस्त्या त्यात येत नाहीत. दुसरे, त्यात जातनिहाय आकडे नसतात. त्यामुळे आपल्या वस्तीतल्या मुलांचे काय, याचे उत्तर कुठल्याही छापील अहवालात शोधू नका. ते आपल्यालाच मुलाजवळ बसून काढावे लागेल.

मुलाजवळ दहा मिनिटे

लागते काय? एक पाटी किंवा कोरा कागद, पेन्सिल, दहा-दहाच्या थोड्या नोटा (खेळण्यातल्या चालतील), एक रुपयाची नाणी, आणि एक वही. इतकेच.

सर्व मुलांना ओळीत बसवून एकदम पेपर देऊ नका. आम्ही पहिल्यांदा तेच केले आणि निकाल फार छान लागला, कारण अर्ध्या मुलांनी शेजारच्याचे पाहून लिहिले होते. एका वेळी एकच मूल घ्या. बाकीची मुले दुसरीकडे चित्र काढत बसू देत. आई-वडील उभे राहून "सांग ना, काल तर येत होते!" म्हणत असतील तर त्यांना चहाला पाठवा.

सुरुवात मधून करायची. तिसरीच्या पुढच्या मुलाला आधी हातच्याची दोन अंकी वजाबाकी द्या, दोन उदाहरणे. दोन्ही बरोबर आली तर भागाकाराकडे जा. नाही आली तर खाली या : ११ ते ९९ मधले आकडे दाखवून वाचायला सांगा. पाचांतले चार ओळखले तर पुरे. तेही जमले नाही तर १ ते ९. 'असर'चीही रीत साधारण अशीच आहे. मूल जिथे आरामात पोचते तो त्याचा टप्पा. घाईने चुकले असे वाटले तर पुन्हा एक संधी द्या. वेळ लावू नका, बोटे मोजू द्या, रेघा मारू द्या. बोटे मोजणे ही लबाडी नाही.

आणि चूक झाली की लगेच "चुकलं" म्हणू नका. "कसं केलंस ते मला सांग" एवढेच म्हणा. सगळी तपासणी या एका वाक्यात आहे.

चुकीच्या उत्तरात काय असते

आता पुन्हा त्या ४६ वजा २९ कडे येऊ. बरोबर उत्तर १७. आमच्याकडे तीन चुकीची उत्तरे आली होती : २३, २७ आणि ७५. वर्गात या तिघांनाही सारखाच शून्य गुण मिळेल. पण ही तीन मुले तीन वेगळ्या ठिकाणी उभी आहेत.

२३ लिहिणाऱ्या मुलीने एककाच्या घरात ६ मधून ९ जात नाहीत म्हणून ९ मधून ६ वजा केले. "मोठ्यातून लहान जातो" हे तिने पहिलीत ऐकले आणि मनात पक्के केले. तिच्या दृष्टीने ती नियम पाळते आहे. तिला ४६ म्हणजे चार दशक आणि सहा एकक असे दिसत नाही. तिला दोन वेगळे आकडे शेजारी उभे दिसतात.

२७ लिहिणाऱ्या मुलाने दशक सुटा केला, १६ मधून ९ काढले, ७ बरोबर आले. पण दशकाच्या घरात चारचे तीन करायला विसरला. त्याला कल्पना आहे, सवय नाही. त्याला आठवडाभराचा सराव पुरेल.

७५ वाल्याने चिन्हच पाहिले नाही आणि बेरीज केली, तीही हातच्यासकट बरोबर. त्याची वजाबाकी अजून आपल्याला कळलेलीच नाही. त्याला पुन्हा विचारा.

इथे उदाहरण निवडण्याची एक छोटी युक्ती सांगतो, जी आम्हाला चुकत चुकत कळली. आम्ही आधी ४२ वजा १७ असे उदाहरण देत होतो. बरोबर उत्तर २५. आता गंमत पाहा. उलटे वजा करणारे मूल ७ मधून २ काढून ५ लिहिते, मग ४ मधून १, उत्तर ३५. दशक कमी करायला विसरणारे मूल १२ मधून ७ काढून ५ लिहिते, मग ४ मधून १, उत्तर पुन्हा ३५! दोन वेगळ्या चुका, एकच उत्तर. दोन एककांत बरोबर पाचाचा फरक असला की असे होते. म्हणून असे आकडे टाळा. ४६ वजा २९, ८१ वजा ३४ अशी उदाहरणे घ्या. दुसऱ्यात बरोबर उत्तर ४७, उलटे केले तर ५३, दशक विसरला तर ५७. उत्तर पाहताच कळते की मूल कुठे अडले आहे.

शून्याचे एक उदाहरण जरूर ठेवा, ७० वजा ३४ सारखे. बरोबर ३६. कोणी ४४ लिहील, कोणी ४६, आणि कोणी "शून्यातून काय जाणार, शून्यच" म्हणून ४० लिहील. हे शेवटचे मूल विचार करते आहे, फक्त शून्याबद्दल त्याला कुणी नीट सांगितलेले नाही.

भागाकाराला ७४५ भागिले ६ द्या. उत्तर १२४, बाकी १. यात प्रत्येक पायरीला काहीतरी उरते, त्यामुळे पाठांतरावर निभावत नाही. पाढा न येणारे मूल इथे थांबते, आणि त्याला सहाचा पाढा येत नाही म्हणून थांबले की वाटणीची कल्पनाच नाही म्हणून, हे विचारून घ्या. पाढा समोर लिहून ठेवला आणि मग जमले, तर अडचण पाढ्याची. तरीही जमले नाही, तर अडचण भागाकाराची. ज्याला हे येते त्याला पुढे ६१८ भागिले ६ द्या. १०३ च्या जागी १३ लिहिणारी मुले भरपूर भेटतील. सहा मुलांत ६१८ रुपये वाटले तर प्रत्येकाला तेराच रुपये कसे, असे विचारले की काही जण स्वतःच हसतात आणि खोडून टाकतात.

सत्तेचाळीस की चौऱ्याहत्तर

अंक ओळखण्याच्या टप्प्यावर मराठीची स्वतःची एक अडचण आहे. आपण लिहितो आधी दशक, मग एकक. बोलतो मात्र उलटे. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच, मग वीस. ऐकल्याप्रमाणे लिहिणारे मूल ५२ लिहिते. त्यात 'एकोणचाळीस' आले की मुलाला 'चाळीस' ऐकू येते आणि ते ४१ किंवा ४९ लिहून मोकळे होते. मोठ्यांना हे कधी खटकत नाही, कारण आपण हे शब्द शंभर वेळा घोकले आहेत.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असेही म्हणण्याची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने अडणाऱ्या मुलांना सोपे जावे हा हेतू त्यांनी सांगितला, तर विरोधकांनी भाषा मोडली म्हणून टीका केली. विनोदही खूप झाले. माझे मत विचाराल तर ज्या घरात आजी-आजोबा रोज पाढे म्हणून घेतात त्या घरातल्या मुलाला याची गरज नसेल. ज्या घरात आई पहाटे धुण्या-भांड्याला जाते त्या घरातल्या मुलाला असेल. टीका करणाऱ्यांत या दुसऱ्या घरातले किती होते, हे मात्र मी मोजलेले नाही.

तपासताना करायचे एवढेच : मूल ४७ ला 'सत्तेचाळीस' म्हणू शकले नाही तर लगेच नापास करू नका. दहाच्या नोटा आणि नाणी पुढे ठेवा, कागदावर ४७ लिहा आणि "एवढे रुपये दे" म्हणा. चार नोटा आणि सात नाणी उचलली, तर त्याला संख्या कळते, नाव येत नाही. नाव दोन आठवड्यांत येईल. चार नाणी आणि सात नाणी उचलली, तर काम मोठे आहे. शिवाय आजकाल आपली पुष्कळ मुले कमी फीच्या इंग्रजी शाळांत जातात. ती 'फोर्टी सेव्हन' म्हणतील, चालेल. घरी दुसरी भाषा बोलणारे मूल त्या भाषेत म्हणेल, तेही चालेल. आपण गणित तपासतो आहोत.

भाजीच्या गाडीवरचा हिशेब

नोटा-नाणी वापरा म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक आधी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारत, तेव्हा मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. मग तीच आकडेमोड कागदावर मांडून दिली तर ३७ टक्केच. आपल्याकडे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा असाच अभ्यास केला. तो २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. बाजारातली मुले अवघड व्यवहार तोंडी करत होती, पण शाळेच्या पद्धतीचे साधे गणित त्यांना जमत नव्हते. शाळेत जाणाऱ्या मुलांचे बरोबर उलटे : कागदावर जमे, बाजारात अडे.

याचा अर्थ बाजारात बसवा, शाळा कशाला, असा कोणी काढला तर तो सरळ चुकीचा आहे. मुलाला कामाला जुंपण्याचे समर्थन यातून होत नाही. अर्थ एवढाच की कागदावर शून्य मिळवणाऱ्या मुलाच्या डोक्यात गणित नाही असे धरून चालू नये. म्हणून वजाबाकी चुकली की आम्ही तोंडी विचारतो : अठराची मेथी, चौदाची कोथिंबीर, पन्नासची नोट दिली, परत किती? जे मूल लगेच "अठरा" म्हणते त्याला आधी पन्नास वजा बत्तीस येते हे दाखवून द्यायचे, आणि मग तेच कागदावर कसे उतरवायचे ते.

तपासणारा कसा असावा

आता थोडे आपल्याबद्दल. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ३२१ मुले उच्चवर्णीय, ३२१ खालच्या मानलेल्या जातींतली. कागदावरचे चक्रव्यूह सोडवायचे होते. कोणाची जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण सर्वांसमोर नाव, गाव, जात वाचून दाखवल्यावर खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी चांगलीच घसरली. मुले तीच, कोडी तीच, फक्त वातावरण बदलले.

दुसरा अभ्यास रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा, २०१२ चा. त्यांनी उत्तरपत्रिकांवर मुलांची जात वगैरे माहिती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कोणत्याही पेपरावर कोणतीही लिहून शिक्षकांकडून तपासून घेतले. खालची जात लिहिलेल्या पेपरांना किंचित कमी गुण मिळाले. बोचणारी गोष्ट अशी की असे कमी गुण देण्याची प्रवृत्ती खालच्या मानलेल्या जातींतल्याच तपासनीसांत दिसली. "आपल्या पोरांकडून एवढंच होणार" हे आपणही कुठेतरी मान्य करून बसलो आहोत का? माझ्यापुरते सांगायचे तर, त्या मुलीच्या शेजारच्या मुलाने २७ लिहिले तेव्हा मी मनात म्हणालो होतो, "याच्याकडून अपेक्षाच नव्हती." त्याने दशक सुटा केला होता हे मला घरी जाऊन वही पाहिल्यावर कळले.

तेव्हा निकाल सर्वांसमोर वाचायचा नाही. 'कच्ची मुले', 'ढ गट' असे शब्द नकोत. भिंतीवर नावांची यादी लावायची नाही आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. पालकांना मात्र सांगायचे, एकेकट्याला, आणि मुलाला काय येते तिथून सुरुवात करून. "तुमच्या पोराला बेरीज पक्की येते, आता वजाबाकीवर काम चाललंय."

तपासले, पुढे काय

तपासून वही कपाटात ठेवणार असाल तर तपासूच नका. मुलांचा रविवार कशाला घालवायचा?

आम्ही इयत्तेचे गट मोडले आणि टप्प्यांचे केले. अंक ओळखणारा गट, वजाबाकीचा गट, भागाकाराचा गट. पाचवीतले मूल तिसरीतल्या मुलाजवळ बसले की पहिले दोन रविवार कुरकुर झाली. गटांना फळांची नावे दिली आणि मोठ्या मुलांना साहित्य वाटायचे काम दिले, तेव्हा ती थांबली.

हे चालते का? 'प्रथम'च्या बालसखी कार्यक्रमाचा मुंबई आणि वडोदरा इथे २००१ ते २००३ या काळात बारकाईने अभ्यास झाला. वस्तीतल्याच, माध्यमिक शाळा शिकलेल्या तरुणी, मागे पडलेल्या मुलांना दिवसाला साधारण दोन तास वर्गातून वेगळे काढून पायाभूत वाचन आणि गणित शिकवत. त्या प्रशिक्षित शिक्षिका नव्हत्या, मानधनही पाचशे-साडेसातशे रुपये महिना. तरीही दुसऱ्या वर्षाअखेर मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. बी.एड. नसलेल्या आपल्यासारख्यांना धीर देणारी ही गोष्ट आहे. मात्र त्या रोज दोन तास शिकवत होत्या, आपण रविवारी दोन तास शिकवतो. म्हणून आम्ही आता बुधवार आणि शुक्रवारची संध्याकाळ जोडली आहे.

वजाबाकीच्या गटात सुरुवातीला कागद नाहीच. दहाची नोट मोडून दहा नाणी घ्यायची, त्यातून द्यायचे. 'दशक सुटा करणे' हा पुस्तकातला शब्द हाताने करून झाला की मगच पाटीवर मांडणी. दर चार आठवड्यांनी पुन्हा तीच तपासणी, आकडे बदलून. वहीत प्रत्येक मुलासमोर तारीख, टप्पा आणि चुकीचे उत्तर जसेच्या तसे. बरोबर-चूक अशी खूण करू नका, उत्तर लिहा. चार महिन्यांनी तीच वही सर्वांत उपयोगी पडते.

शाळेला यातून सुटका देऊ नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायच्या असतात. आपल्यातले किती पालक त्या बैठकीला जातात आणि सही करून परत येतात? बैठकीत भांडण नको, एकच प्रश्न पुरे : तिसरी ते पाचवीतल्या किती मुलांना हातच्याची वजाबाकी येते, आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी रोज किती वेळ दिला जातो? शाळेत चाचण्या होतात, गुण भरले जातात, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे असायला हवे. २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली आहे. पण पाचवीत थांबवलेल्या मुलाला कुणी दशक सुटा करायला शिकवले नाही, तर ते पुढच्या वर्षीही २३ च लिहील.

चांगले शिक्षकही भेटतात, हे सांगितले पाहिजे. आमच्या वह्या पाहून एका बाईंनी वर्गातल्या सगळ्या मुलांची अशी तपासणी स्वतःहून केली आणि मधल्या सुट्टीनंतरचा अर्धा तास वजाबाकीला दिला.

ती २३ लिहिणारी मुलगी आता सहावीत आहे. नोटा-नाण्यांवर तिला तीन आठवडे लागले. आता ७० वजा ३४ ती तोंडी करते आणि बुधवारी लहान मुलांच्या गटात नोटा मोडून देते. भागाकारात ७४५ भागिले ६ जमले. ६१८ भागिले ६ ला मात्र गेल्या रविवारीही १३ लिहिले. या आठवड्यात तिच्यासाठी सहा वाट्या आणि शंभराच्या सहा नोटा काढून ठेवल्या आहेत.